किनवा कोना?

लोटूआप्पाला जन्मात एकच प्रश्न पडला, आणि तो त्याने भेटेल त्याला विचारला. "कोना?" म्हणजे कोणाचा. खानदेशातून माणसं सुरतेला आली, त्यांच्यासोबत हा प्रश्नही आला, विनातिकीट. दारात मांजर आलं, कोना? गल्लीत नवी रिक्षा लागली, कोना? समोरच्या घरी नातू झाला, त्याचे पेढे आले, तर आप्पाने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "कोना?" त्या दिवशी सुंदराला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं होईल.

सुंदरा ही आप्पाची बायको. लग्न करून पारोळ्याकडून थेट सुरतेच्या लिंबायतला आली, तेव्हा आप्पा उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होता. खात्यात सगळे लूम एकदम खडखडायला लागले की तिथे बोलून काही उपयोग नसतो, समोरच्याचे ओठ बघायचे. पुढे आप्पाचे कान गेले, पण ओठ वाचायची विद्या राहिली. तोंड दिसलं की त्याला सगळं ऐकू येतं, नको तेसुद्धा. पाठ फिरवली की ठार बहिरा. समोरच्या घरातली सुषमा एकदा पार गल्लीच्या पलीकडे उभी राहून भाजीवालीला हळूच म्हणाली, "लोटूआप्पा आता थकला." इकडून आप्पा ओटीवरून गरजला, "तुना नवरा थकना!" तेव्हापासून सुषमा आप्पाच्या देखत तोंडावर पदर धरून बोलते.

आणि अशा माणसाला सुंदरा सगळी वर्षं हाक काय मारत आली, तर "आयकतस का?" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. बहिऱ्या माणसाला ऐकताय का, ऐकताय का म्हणून बोलवत राहायचं, आणि मग पुढ्यात जाऊन उभं राहायचं. संसार झाला तो असा.

तर शुक्रवारी संध्याकाळी लोकेश घरी आला. लोकेश हा यांचा एकुलता एक. रिंगरोडच्या कापड मार्केटात साड्यांचे फोटो काढून व्यापाऱ्यांना मोबाईलवर पाठवायचं काम करतो. मोबाईलमध्ये डोकं खुपसूनच तो घरात शिरला आणि एक चकचकीत पुडकं ओट्यावर ठेवलं. आप्पाने ते उचललं, उलटं करून बघितलं.

"हाई काय शे?"

"किनोआ," लोकेश खाली बघूनच बोलला.

"कोना?"

"किनोआ, आप्पा."

"कोना का ऱ्हायेना! शे काय, ते सांग!"

हे असं बराच वेळ चाललं. शेवटी लोकेशने मान वर केली आणि तोंड वासून, एकेक अक्षर वेगळं काढून सांगितलं, तेव्हा कुठे उजेड पडला. आप्पाने पुडक्यातले दाणे बघितले, नाक मुरडलं, आणि या घरापुरतं त्या धान्याचं बारसं करून टाकलं. किनवा.

"रविवारी हे कर मम्मी," लोकेश म्हणाला. "एकाच भांड्यात. त्यात भाज्या टाकायच्या, हरभरे, पनीर. प्रोटीन असतं. स्वप्ना जेवायला येणार आहे."

सुंदराच्या हातातला झारा तसाच राहिला. स्वप्ना हे नाव घरात फिरत होतं खरं. अडाजणला डाएटचे डबे बनवणारं एक किचन आहे, ती तिथे डब्यांचं बघते, आणि लोकेशच्या ऑफिसात डबा तिच्याकडून जातो. एवढं सुंदराला माहीत होतं. बाकीचं तिने ओळखलं होतं, कारण पोरगा हल्ली घरची भाकरी खाईना आणि स्वतःशीच हसे.

"पाहुणी पहिल्यांदा घरात येणार, आणि तिला एकाच भांड्यातलं?" सुंदरा म्हणाली. "एका भांड्यात सगळं कालवून बैलाला आंबोण देतात रे! मी मटण करते, नाहीतर शेवभाजी करते. लोक काय म्हणतील?"

"तिला हेच आवडतं. डब्यात रोज हेच असतं." मग लोकेशने तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मम्मी, ती बौद्ध आहे. अकोल्याकडची. मी लग्न करणार तर तिच्याशीच. तू आप्पांना एकच सांग. तिला कोना विचारायचं नाही. त्यांनी विचारलं, आणि ऐकून तोंड वाकडं केलं ना, तर मी कोसाडला खोली बघून ठेवलीय. त्याच दिवशी बॅग भरीन."

आता सुंदरा काही संत नव्हती. तिच्याही मनात पहिल्यांदा तेच आलं जे आप्पाच्या मनात आलं असतं. समाज काय म्हणेल, पारोळ्याची नणंद काय म्हणेल, सुषमा तर पदर काढूनच बोलेल. पण त्या सगळ्यांच्या पुढे तिला दिसली कोसाडची खोली. तिथे लोकेश, आणि इथे ती नि आप्पा, दोघंच. ती आयकतस का म्हणणार आणि तो ऐकणार नाही. 

"सांगते," ती म्हणाली.

पण आधी तो किनवा साधायला हवा होता. बिघडलं तर पोरगी म्हणेल, सासूला एक भांडं शिजवता येत नाही. म्हणून शनिवारी दुपारी सुंदराने मूठभर करून बघायचं ठरवलं. पुडक्यावर इंग्रजी होतं. दाणे बघून तिला वाटलं, ही भगरीचीच कुणीतरी बहीण असणार. भगरीला एक पाणी दाखवतात, तसंच याला दाखवलं. पाण्यावर फेस आला. तिला वाटलं, भांड्याला साबण राहिला असेल. फोडणी दिली, काळा मसाला टाकला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं.

झाकण काढलं तर काय! प्रत्येक दाण्यातून एकेक पांढरी बारीक शेपटी बाहेर आलेली, गोल वळलेली.

"व माय! अळ्या!" सुंदरा एवढ्या जोरात ओरडली की सुषमा हातातली कणीक टाकून धावत आली.

दोघींनी नाकाला पदर लावून भांड्यात वाकून बघितलं. सुषमाने चमच्याने एक शेपटी उचलली, डोळ्याजवळ नेली. "मेलेली आहे," तिने निकाल दिला. "पण एवढ्या अळ्या, आणि हे पाहुण्यांसाठी? कोण येणार आहे?"

"कुणी नाही," सुंदरा म्हणाली, आणि तिथेच चुकली. कुणी नाही हे उत्तर ऐकलं की सुषमाला झोप लागत नाही.

लोकेशला फोन लावला तर तो हसून हसून बेजार. "मम्मी, तो कोंब असतो त्याचा! शिजला की असाच दिसतो." बरं, कोंब तर कोंब. सुंदराने ताटलीत थोडं काढून आप्पापुढे ठेवलं. आप्पाने मोठा घास घेतला. चावला. थांबला. डोळे मिटले. मग उठून बाहेर मोरीत जाऊन सगळा घास थुंकला.

"साबन शे हाई!" तो आतल्यांना, शेजाऱ्यांना आणि एकूण लिंबायतला ओरडून म्हणाला. "माले साबन खावाडी राहिनी!"

सुंदराने चव घेतली. कडूजहर! आप्पाचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि तो खरा बोलला याचाच तिला जास्त राग आला. तिने भांडं दारात आलेल्या गाईपुढे नेऊन ठेवलं. गाईने वास घेतला आणि पुढच्या दाराला गेली.

रविवारी सकाळी सुंदरा आप्पाच्या पुढ्यात जाऊन बसली. तोंड नीट उजेडात धरलं, म्हणजे पुढे कळलं नाही म्हणायला जागा नको.

"पोरगी येणार आहे. तिला काही म्हणजे काही विचारायचं नाही. कोना तर अजिबात नाही."

"का बरं?"

"का बरं पण नाही."

आप्पाने तिच्याकडे बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. कानांनी दगा दिला, डोक्याने नाही. तो फक्त "बरं" म्हणाला आणि धुतलेला सदरा घालून ओटीवर जाऊन बसला. सुंदराला त्या बरंचा काडीचा भरवसा वाटेना.

स्वप्ना सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली, एकटीच, रिक्षाने. लोकेश तेव्हा पनीर आणायला गेलेला. मुलगी सावळी, उंच, बोलायला मोकळी. आप्पाला तिने वाकून नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. सुंदरा तिथे पुडकं हातात धरून उभी होती.

"काकू, हे करता तुम्ही?" स्वप्नाचं तोंड उतरलं. मागे कुणी नाही ना बघून ती आपल्या वऱ्हाडीत कुजबुजली, "मी रोज सकाळी हेच भरतो डब्याइत. याचा वास बी नको वाटते मले. म्या म्हटलं, खानदेशी घरी जातो, तर भाकर भेटन, झणझणीत काही भेटन."

सुंदरा तिच्याकडे बघतच राहिली. "पण लोकेश म्हणाला, तुला हेच आवडतं!"

"त्याले आवडते. मले कोणी इचारलंच नाही."

सुंदराला हसू फुटलं ते आवरेना. स्वप्नाही हसली. हसून झाल्यावर सुंदराने फडकं बाजूला केलं. खाली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, वांग्याचं भरीत होतं आणि खलबत्त्यात ठेचा होता. लोकेशला न सांगता पहाटेच करून ठेवलेलं. पाहुणीला नुसतं आंबोण वाढायला तिचा जीव धजला नव्हता.

"तरी हे पण करू आपण," स्वप्ना म्हणाली. "नाहीतर त्याले वाईट वाटन. पुडकं फोडलेलं दिसते. कडू झालं व्हतं का?"

"तुला कसं कळलं?"

"सगळ्याइचं पहिल्यांदा कडूच होते. याले चोळून चोळून धुवा लागते. फेस जाईपर्यंत."

मग दोघी मोरीपाशी बसल्या. सुंदरा पाणी ओतायची, स्वप्ना तळव्यांनी दाणे चोळायची, पुन्हा पाणी बदलायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं. फेस यायचा, कमी व्हायचा. पाणी नितळ आलं तेव्हा स्वप्नाने एक कच्चा दाणा सुंदराच्या हातावर ठेवला. सुंदराने चावून बघितला. कडू नव्हता. गूळ नव्हता, पण कडू नव्हता. मग एकाच कुकरात तेल, जिरं, लसूण, कांदा, सुरती पापडीचे दाणे, गाजर, भिजवून उकडलेले हरभरे, आणि काळा मसाला सुंदराच्या हाताने, म्हणजे तिखट. स्वप्नाने किनवा टाकला, मोजकं पाणी घातलं. लोकेश पनीर घेऊन आला, तेही गेलं. वास बरा सुटला. सुंदराला ही पोरगी आवडली, आणि आवडली म्हणूनच ती जास्त घाबरली.

पानं वाढली. आप्पा मधे, समोर स्वप्ना, बाजूला लोकेश. सुंदरा वाढायला. आप्पाने पहिला घास जपून घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. थुंकला नाही. सुंदराने मनातल्या मनात कानबाईला नारळ बोलला.

पण आप्पाचं लक्ष जेवणात नव्हतंच. तो पोरीकडे बघायचा, ताटात बघायचा, पुन्हा पोरीकडे. शिटी अडकलेला कुकर असावा तसं त्याचं तोंड झालं होतं. लोकेश उगाच हवापाण्याचं बोलत होता, तेही ओरडून, कारण बापाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, एवढंच त्याला ठाऊक. भरीत संपलं. ठेचा संपला. सुंदराला वाटलं, झालं, निभावलं. आणि आप्पाने घास खाली ठेवला.

"पोर," तो म्हणाला, "कोना?"

लोकेशचा हात ताटातच थांबला.  सुंदराला कोसाडची खोली दिसली, भरलेली बॅग दिसली. तिने कसलाही विचार केला नाही. भरलेली पळी घेऊन ती नवऱ्यावर तुटून पडली.

"किनवा! किनवाच शे! कालनाच किनवा! चूप बठीसन खाई ल्या!" असं म्हणून तिने त्याच्या ताटात किनव्याचा डोंगर केला.

आप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिने काय केलं ते त्याला पुरतं कळलं, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं. एवढ्या वर्षांत तिने त्याला असं तोंडावर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"काकू," स्वप्ना म्हणाली, "त्याइनं मलेच इचारलं. सांगतो ना मी. त्याच्यात लपवाचं काय हाये?"

ती जराशी सरकून आप्पाच्या अगदी समोर आली. खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी बसली. आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द पुरा. लोकेशला काही कळेना. "काय म्हणतेय? काय म्हणतेय ती?" त्याने आईला कोपर मारलं. पण सुंदराला कळत होतं. एवढा संसार फुकट नव्हता केला.

माझ्या बापाचं नाव सोमा, पोरगी सांगत होती. अकोल्याकडचे आम्ही. बाबा उधन्याले लूमवर व्हते. त्याइचे बी कान गेले. आम्ही घरी असंच बोलतो. आम्ही बौद्ध आहोत, भीमजयंतीले आमच्या घरी या जेवाले. आणखी काही इचाराचं असन तर इचारा.

  सुंदराने आप्पाचं तोंड लग्नात पाहिलं होतं, त्याच्या आईच्या मौतीत पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. खातं सुटल्यापासून या भाषेत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. पोरगा ओरडायचा, शेजारी ओरडायचे, दवाखान्यातला डॉक्टर तर कानात भोंगा लावल्यासारखा ओरडायचा. आप्पाचे ओठ हलले, तेही बिनआवाज.

कोणतं खातं?

तिने सांगितलं. त्याने मान हलवली. कोणती पाळी? तिने तेही सांगितलं. मग लूमच्या मालकाबद्दल आप्पाने एक शिवी दिली, नुसत्या ओठांनी, आणि पोरगी खदखदून हसली, कारण तिच्या बापाचीही तीच शिवी होती. सुंदराने तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात खरकटा होता.

"अरे, कुणी मला सांगा तरी!" लोकेश रडकुंडीला आला.

आप्पाने त्याच्याकडे बघितलं, मग ताटातल्या डोंगराकडे. "मी किनवाचं इचारी ऱ्हायंतू," तो मोठ्याने म्हणाला, आणि खायला लागला.

तेवढ्यात दारात सुषमा. हातात रिकामी वाटी, विरजणाला दही पाहिजे म्हणे. दही घ्यायला कुणी भरजेवणात येत नाही, ते सुषमालाही माहीत होतं. तिने आत नजर टाकली, स्वप्नाला वरपासून खालपर्यंत बघितलं. आज तिने तोंडावर पदरही धरला नाही. आप्पाच्या तोंडासमोर उभी राहून सगळ्या गल्लीच्या वतीने तिने विचारलं, "आप्पा, ही पोर कोना घरनी शे?"

 सुषमाला सांगणं म्हणजे लिंबायतला सांगणं, समाजाला सांगणं, पारोळ्याच्या नणंदेला घरपोच सांगणं. मघाशी ठीक होतं, मघाशी घरातलेच होते. आता आप्पा काय बोलतो त्यावर लोकेशची बॅग होती.

"किनवा," आप्पा म्हणाला.

"काय?"

"किनवा, किनवा! चांगला धुई ले. मंग कडू नही लागस."

गल्लीपलीकडून सुषमाचे ओठ वाचणारा माणूस, हातभर अंतरावरून चुकला होता! सुंदराला हसावं की रडावं कळेना. पण सुषमा हटणाऱ्यातली नव्हती. ती दोन पावलं आत आली, बोट थेट स्वप्नाकडे केलं आणि तोंड एवढं मोठं उघडलं की आतली सोन्याची दाढ दिसली.

"पोर! ही पोर! कोना घरनी?"

आप्पाने हातातला घास संपवला. पाण्याचा घोट घेतला. घाई काही नव्हती त्याला.

"आमना घरनी," तो म्हणाला. "दही पाहिजे व्हतं ना तुले?"

सुषमाने वाटी पुढे केली, कारण दुसरं काय करणार? सुंदराने वाटी काठोकाठ भरून दिली, सांडेपर्यंत. सुषमा गेली. लोकेश मान खाली घालून किनवा चिवडत होता आणि त्याचं नाक लाल झालं होतं. आप्पाने रिकामं ताट पुढे सरकवलं आणि स्वप्नाकडे बघून नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणाला. स्वप्ना हसली आणि तिने त्याला आणखी वाढलं.

सुंदरा कुकर घेऊन मोरीकडे गेली. नवरा आता पाठमोरा होता, म्हणजे ठार बहिरा. तिने तरीही इकडेतिकडे बघून घेतलं. मग जन्मात पहिल्यांदा त्याचं नाव तोंडातून काढलं, स्पष्ट आणि मोठ्याने.

"शाबास रे लोटू!"

त्याला ऐकू गेलं नाही. बाकी दोघांना गेलं.